पेशंट बनणाऱ्या माणसाला म्हणायचं काय? सिम्युलेशनमधल्या नावांची पार्श्वभूमी

सिम्युलेशन लॅब (जिथे खऱ्या पेशंटआधी खोट्या पेशंटवर डॉक्टरकी शिकतात ती खोली) म्हटलं की सगळे मॅनिकिनबद्दलच, म्हणजे पेशंटच्या पुतळ्याबद्दलच बोलतात, केवढ्याला आला, पल्स लागते का वगैरे, पण त्याच खोलीत पेशंट, नातेवाईक, नर्स बनून जी जिवंत माणसं काम करतात त्यांना प्रत्येक शोधनिबंधात वेगळं नाव असतं आणि नवीन वाचणारा गोंधळून जातो. मला विचाराल तर ज्या काळात त्या माणसांकडून जे काम हवं होतं तेच नाव त्यांना चिकटत गेलं.

सुरुवात न्यूरॉलॉजिस्ट डॉ. हॉवर्ड बॅरोज यांच्यापासून. न्यूयॉर्कला असताना परीक्षेसाठी बसवलेल्या एका खऱ्या पेशंटने त्यांना सांगितलं की एक कँडिडेट फार उर्मटपणे वागला, तपासताना त्रास दिला, म्हणून मी मुद्दाम बॅबिन्स्की (तळव्यावर रेघ ओढली की अंगठा वर जाणं, मेंदू-मज्जारज्जूच्या बिघाडाची खूण) दुसऱ्याच पायावर दाखवला आणि सेन्सेशनची उत्तरंही फिरवली! आता पेशंट ठरवून लक्षणं बदलू शकतो तर चांगल्या धडधाकट माणसाला ती शिकवता का येणार नाहीत? 1963 मधे लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात त्यांनी रोझ मॅकविल्यम्स या आर्टिस्ट मॉडेलला तयार केलं. तिचं पात्र पॅटी डगर, मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजाराची पेशंट, दोन्ही पाय लुळे, एका डोळ्याने दिसत नाही, बॅबिन्स्की दोन्हीकडे पॉझिटिव्ह, आणि वर आजाराने धास्तावलेल्या बाईची काळजीसुद्धा चेहऱ्यावर दिसली पाहिजे. बॅरोज आणि स्टीफन अब्राहमसन यांनी 1964 च्या शोधनिबंधात याला 'प्रोग्राम्ड पेशंट' म्हटलं. वर्तमानपत्रांनी मेडिकल कॉलेजात हॉलिवूड घुसलं म्हणून टिंगल केली, बऱ्याच डॉक्टरांनाही ते पटलं नाही. पण 'प्रोग्राम्ड' मधे माणूस यंत्रासारखा वाटतो, नंतर 'सिम्युलेटेड पेशंट' रुळलं ते बरंच झालं.

पुढे काम वाढलं तशी नावं वाढली. ॲरिझोनात डॉ. पॉला स्टिलमन यांनी 1970 च्या दशकात लहान मुलांच्या आया बनणाऱ्या बायका तयार केल्या, त्या 'सिम्युलेटेड मदर', विद्यार्थ्याने हिस्ट्री (आजाराची विचारपूस) कशी घेतली याचे मार्कही त्याच द्यायच्या. आयोवात डॉ. रॉबर्ट क्रेचमार यांनी पेल्व्हिक (बायकांच्या ओटीपोट-योनिमार्गाची) तपासणी शिकवायला आधी एका नर्सची मदत घेतली, तिचा चेहरा झाकलेला असायचा, म्हणजे शिकवण्यात तिचा आवाजच नाही. नंतर ज्या बायका आल्या त्या स्वतःच विद्यार्थ्याला सांगायच्या की हात कुठे ठेव, कुठे दुखतंय, आणि त्यांना 'टीचिंग असोसिएट' म्हणायला लागले. या सगळ्या प्रवासात मला हा बदल सगळ्यात मोठा वाटतो.

मग परीक्षा आली. 1975 मधे स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डेन यांनी ऑस्की (ओएससीई, म्हणजे एकेका टेबलावर ठरलेलं काम करून दाखवायची प्रात्यक्षिक परीक्षा) मांडली, आणि दहाव्या विद्यार्थ्यालाही पहिल्यासारखाच पेशंट मिळायला हवा म्हणून कॅनडाच्या जेफ्री नॉर्मन यांचा 'स्टँडर्डाइज्ड पेशंट' हा शब्द चालला. 1998 पासून अमेरिकेत रेसिडेन्सी (हॉस्पिटलमधलं पुढचं प्रशिक्षण) करायची तर आपल्याकडच्या डॉक्टरांनाही तिकडे जाऊन अशा पेशंटसमोर परीक्षा द्यावी लागायची, 2004 पासून तीच तिथल्या डॉक्टरी लायसन्सच्या परीक्षेतली स्टेप टू सीएस झाली, कोविडमधे थांबली आणि 2021 मधे बंदच केली.

पेशंट नसलेल्यांचं आणखी वेगळंच. सीनमधे मुद्दाम पेरलेली नर्स किंवा भांडणारा भाऊ याला मानसशास्त्राच्या प्रयोगांतून आलेला 'कॉन्फेडरेट' शब्द लावला जायचा, पण अमेरिकेत तो ऐकला की यादवी युद्धातली गुलामगिरीवाली बाजू आठवते, शिवाय शिकणाऱ्याला फसवायला कोणीतरी बसलंय असा वास येतो. म्हणून आता 'एम्बेडेड पार्टिसिपंट' म्हणतात, आणि सगळ्यांना मिळून 'सिम्युलेटेड पार्टिसिपंट'. सिम्युलेटेड किंवा स्टँडर्डाइज्ड पेशंटचं एसपी हे लघुरूप त्यामुळे तसंच राहिलं.

एसपींना शिकवणाऱ्यांची संघटना 2001 मधे झाली, 2017 मधे त्यांनी कामाची मानकं छापली, त्यात या माणसांची सुरक्षितता सुरुवातीलाच आहे. आपल्याकडे 2019 च्या बॅचपासून नवा एमबीबीएस अभ्यासक्रम लागू झाला आणि स्किल्स लॅब आल्या, तर सिम्युलेशनमधे काम करणाऱ्यांच्या यादीत नुसतं 'पेशंट' न लिहिता हा माणूस मार्क देणार का, फीडबॅक देणार का, आणि नको असलेल्या तपासणीला नाही म्हणू शकतो का, एवढं आधीच लिहून ठेवा.