मोटारीतील इंजिनध्वनी नियंत्रण

मोटारीच्या इंजिनाचा आवाज व कंप प्रवाशांपर्यंत आणि रस्त्यावर कमी पोचावेत म्हणून केलेल्या उपायांचा समूह. गाडीत आवाज दोन वाटांनी शिरतो : हवेतून आणि सांगाड्याच्या पत्र्यातून. दुसरी वाट सहसा दुर्लक्षित राहते.

चार सिलिंडरांच्या चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्यात दोनदा इंधन पेटते. मिनिटाला ३,००० फेऱ्यांना हा १०० हर्ट्‌झचा घुमारा होतो. एक्झॉस्टमधून बाहेर पडणाऱ्या त्याच्या धक्क्यांसाठी सायलेन्सर असतो. अमेरिकेतील रीव्हज बंधूंनी १८९७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आतल्या कप्प्यांत व भोके पाडलेल्या नळ्यांत ध्वनिलहरी परावर्तित होऊन एकमेकींना मारतात. वरच्या पट्टीतला आवाज काचलोकर शोषून घेते. अडथळा फार झाला, तर वायूंचा उलट दाब वाढून इंजिनाची ताकद घटते. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार सायलेन्सर सक्तीचा आहे. तरीही तो काढून ‘फटाका’ बसवणारे दुचाकीस्वार भेटतातच, आणि जप्त केलेल्या अशा सायलेन्सरांवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याची दृश्येही महाराष्ट्रातल्या शहरांना नवी नाहीत.

कंप अडवण्याचे काम रबरी माउंटिंगचे, म्हणजे इंजिन ज्यावर टेकते त्या आधाराचे. गॅरेजमध्ये त्याला ‘फाउंडेशन’ म्हणतात. क्रायस्लर कंपनीने १९३१ च्या प्लिमथ गाडीत इंजिन रबरावर असे तोलले, की चार सिलिंडरांची थरथर चौकटीत फारशी उतरेना. पुढे रबराच्या पोटात द्रव भरलेली माउंटिंग आली. जुन्या गाडीत उभ्या जागी स्टिअरिंग थरथरत असेल, तर आधी फाउंडेशन पाहावे. ते फाटलेले असताना दारांना महागड्या डॅम्पिंग शीट चिकटवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. त्या शीटने पत्र्याची खणखण कमी होते, इंजिनाचा घुमारा नाही.

डिझेल इंजिनाची टकटक मात्र ज्वलनातूनच येते. फवारलेले इंधन पेटायला क्षणभर उशीर होतो, तोवर साचलेला साठा एकदम जळतो आणि दाब झटक्यात चढतो. कॉमन रेल पद्धतीत (सगळ्या सिलिंडरांना एकाच उच्चदाब नळीतून इंधन; मोटारींत १९९७ पासून) मुख्य फवाऱ्याआधी थेंबभर डिझेल सोडतात, त्यामुळे हा झटका सौम्य होतो. आवाज जिथे जन्मतो तिथेच तो कमी करणारा हा उपाय नंतरच्या कुठल्याही अस्तरापेक्षा सरस.

इंजिन व केबिन यांमधल्या फायरवॉलवर जड थर व फोम लावतात. भिंतीचे वजन दुप्पट केल्यास सुमारे ६ डेसिबेल जास्त आवाज अडतो. पण वायरींसाठी पाडलेल्या भोकातले रबर निसटले, की एवढ्या मेहनतीवर पाणी फिरते.

स्पीकरमधून विरुद्ध कलेची (मूळ लहरीच्या चढाला उतार देणारी) लहर सोडून आवाज पुसण्याची कल्पना जर्मनीच्या पॉल लुएग यांनी मांडली. तिचे अमेरिकी पेटंट १९३६ चे. मोटारीत ती येण्यास वेगवान इलेक्ट्रॉनिक्सची वाट पाहावी लागली. लांब लहरींच्या खर्जाला ती लागू पडते, टकटकीला कमी. गंमत म्हणजे त्याच स्पीकरांचा उलटा उपयोगही झाला : २०११ च्या बीएमडब्ल्यू एम५ मध्ये केबिन इतकी शांत होती, की इंजिनाचा आवाज स्पीकरवरून ऐकवण्याची सोय करण्यात आली.