२७३ कुठं मिळवायचे आणि कुठं नाही

अकरावी-बारावीच्या पोरांचे पेपर तपासताना दोन चुका ठरलेल्या. चार्ल्सच्या नियमात (दाब तोच असेल तर वायूचं आकारमान केल्विन तापमानाच्या पटीत) सेल्सिअसचे केल्विन करायला २७३ मिळवायचे राहतात, आणि उष्णतेच्या गणितात, जिथं त्यांचं काही काम नाही, तिथं ते हमखास येऊन बसतात. मग तासाला मागच्या बाकावरून तोच प्रश्न: "सर, मिळवू का नको?" हा प्रश्न पाठांतरानं सुटत नाही. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सेल्सिअस सगळ्यांना येतं, ते सोडा. केल्विनची एक पायरी सेल्सिअसच्या एका अंशाएवढीच, फक्त शून्य खाली उणे २७३.१५ ला. तो .१५ बोर्डाच्या गणितात सोडला तरी काही बिघडत नाही. मात्र 'अंश केल्विन' लिहू नका. १९६७ सालीच वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं त्यातला अंश काढून टाकला. तरी गाईडांत केल्विनच्या डोक्यावर ते गोल टिंब अजून दिसतं आणि माझा हात लाल पेनाकडं जातो. फॅरनहाइटवाल्यांचं निरपेक्ष, म्हणजे केल्विनसारखं अगदी तळापासून मोजणारं, माप रँकिन, त्यात साधारण ४६० मिळवतात. अमेरिकन पुस्तक हातात पडलं तरच ते लागेल.

आता खरी मेख. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाण्याची पातळी पावसाळ्यात आपल्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ असते: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. समजा उद्या कुणी त्या पट्टीचा शून्य दहा फूट वर सरकवला. इशारा २९ वर येईल, धोका ३३ वर. दोघांतलं अंतर? तेव्हाही चार फूट, आताही चारच. पण ४३ ला ३९ नं भागा, १.१० येतात, ३३ ला २९ नं भागा, १.१४ येतात. पंचगंगा तीच, पाणी तेच, भागाकार मात्र बदलला. वजाबाकीत शून्य कुठं ठेवलाय याला महत्त्व नाही, तो दोन्हीकडून कटून जातो. भागाकारात तो कटत नाही.

वायूचे नियम सगळे भागाकाराचे. दाब तोच ठेवून २ लिटर वायू २० अंशांवरून ४० अंशांवर नेला, तर पोरगा ४० भागिले २० करतो आणि ४ लिटर लिहून मोकळा होतो. खरं उत्तर ३१३ भागिले २९३, गुणिले २, म्हणजे २.१४ लिटर. सेल्सिअसमधला शून्य म्हणजे पाणी गोठतं ती जागा. वायूला तिच्याशी देणंघेणं नाही. आकारमान खरंच सेल्सिअसच्या आकड्याच्या पटीत असतं, तर बर्फात ठेवलेला फुगा नाहीसा झाला असता. तो जरासा आक्रसतो, एवढंच.

उष्णतेचं गणित याच्या उलट. एक किलो पाणी २५ वरून ९५ अंशांवर तापवायचं. फरक ७०, विशिष्ट उष्मा (एक किलो एका अंशानं तापवायला लागणारी उष्णता) ४१८६, म्हणजे सुमारे २.९३ लाख ज्यूल. इथं हुशार पोरंसुद्धा फसतात, कारण ४१८६ च्या एककात 'प्रति केल्विन' असं छापलेलं असतं. K दिसला रे दिसला की ७० चे ३४३ होतात आणि उत्तर जवळपास पाचपट फुगतं. तो K म्हणजे पायरीची उंची, शून्याची जागा नव्हे. दोन्ही तापमानं आधी केल्विनमध्ये नेऊन मग वजा केलीत, ३६८ उणे २९८, तर फुकटची हमाली होईल, पण उत्तर ७० च येईल. फरक काढून झाल्यावर त्यात २७३ घालणं ही चूक.

ही दोन्ही प्रकरणं एकाच सूत्रात बघायची असतील तर कार्नो इंजिनाची, म्हणजे उष्णतेवर चालणाऱ्या आदर्श इंजिनाची, कार्यक्षमता घ्या: वर दोन तापमानांतला फरक, खाली उष्ण बाजूचं तापमान. १२७ आणि २७ अंश. वरचा १०० सेल्सिअसमध्येही १००, केल्विनमध्येही १०० च. खाली केल्विनचे ४०० लिहिले तर २५ टक्के, १२७ लिहिले तर ७९ टक्के. असलं इंजिन कुणी बनवलं तर आमच्या कारखान्यांच्या उद्यमनगरात रांग लागेल. मी हे उदाहरण दरवर्षी फळ्यावर घेतो, पाठ्यपुस्तकात पुढच्या धड्यात असलं तरी.

दाबाचं एकक ॲटमॉस्फिअर घ्या नाहीतर पास्कल, दोन्ही बाजूंना एकच असलं की झालं, असं आम्ही शिकवतो. ते खरं, पण त्यातही तीच खोड लपलेली आहे. पंक्चरच्या दुकानात मीटर शून्य दाखवतो तेव्हा ट्यूबमध्ये हवा नसते असं नाही. बाहेर जेवढा दाब, तेवढाच आत असतो. म्हणजे हा मीटरही सेल्सिअसचाच भाऊ. सकाळी २० अंशांना "तीस मार" (तीस पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला तीस पौंड) म्हणून हवा भरली आणि उन्हात टायरमधली हवा ४५ अंशांवर गेली, तर मीटर किती दाखवेल? सेल्सिअसनं भागलं तर ६७.५ येतात, मग टायर राहतोय होय! केल्विन लावून पण मीटरचाच आकडा घेऊन ३२.६ येतात, दिसायला बरे, तरी चुकीचे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, म्हणून बाहेरच्या हवेचा दाब इथं समुद्रकाठचा १४.७ पीएसआय नाही, पावणेचौदाच्या आसपास. ते ३० मध्ये मिळवा, ४३.७५. त्याला ३१८ नं गुणा, २९३ नं भागा, ४७.५. पावणेचौदा परत काढा. मीटरवर ३३.७ दिसतील, टायर ताणून थोडा फुगतो ते सोडून. हवावाला गाडी गार असताना या म्हणतो ते याचसाठी.