कॅन अडॅप्टर

इंजिन, ब्रेक, एअरबॅग यांचे कंट्रोलर ज्या दोन पिळलेल्या वायरींवरून एकमेकांशी बोलतात ती कॅन बस, आणि तिला लॅपटॉप जोडायला मध्ये जो डबा लागतो तो कॅन अडॅप्टर. कॅन हा प्रोटोकॉल बॉशने १९८६ मध्ये जाहीर केला. डब्यात मुख्य भाग दोनच, दोन वायरींमधल्या व्होल्टेजच्या फरकावरून ० की १ ते ओळखणारा ट्रान्सीव्हर आणि त्या बिट्सची फ्रेम (म्हणजे एक पूर्ण संदेश) बनवून चुका तपासणारा कंट्रोलर. पुढे यूएसबी, ब्लूटूथ नाहीतर वायफाय.

जोडणी बहुतेक डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या ओबीडी-२ सॉकेटमध्ये (गाडीतले दोष तपासायचा सॉकेट) होते. ६ नंबरला कॅन हाय, १४ ला कॅन लो, आणि १६ ला थेट बॅटरी, म्हणून गाडी बंद केली तरी अडॅप्टर करंट खात बसतो. अमेरिकेत हा सॉकेट १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला पण त्यावर कॅनच पाहिजे हा नियम २००८ पासूनचा, त्यामुळे जुन्या गाडीत ७ नंबरवरची के-लाइन (एका वायरीची जुनी पद्धत) वगैरे निघाली तर नुसता कॅन अडॅप्टर काही कामाचा नाही.

घेताना खरा प्रश्न एकच, गाडीला विचारायचंय की नुसतं ऐकायचंय? एरर कोड, आरपीएम, कूलंटचं तापमान एवढंच विचारायचं तर ईएलएम३२७ चिपवाला डोंगल पुरतो (बाजारात नकलाच जास्त, आणि '१.५ व्हर्जन' असं छापलेले तर नक्कीच नकली, कारण मूळ कंपनीने ते व्हर्जन कधी काढलंच नाही). पण बसवरचा सगळा ट्रॅफिक ऐकायला गेलात की ५०० केबीपीएसच्या वर्दळीत तो गुदमरतो आणि 'बफर फुल' म्हणून थांबतो. तिथे लिनक्सच्या सॉकेटकॅनवर (लिनक्समधली कॅनसाठीची सोय) चालणारा यूएसबी अडॅप्टर घ्यावा, मग कॅनडंप ही फ्रेम दाखवणारी कमांड लावली की फ्रेम धडाधड येतात.

बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर आधीच असतात, म्हणून अडॅप्टरवरचा टर्मिनेशनचा जंपर (त्याचा स्वतःचा तसाच रेझिस्टर जोडणारी छोटी क्लिप) काढून ठेवायचा. आणि सुरुवात लिसन-ओन्ली मोडमध्येच (नुसतं ऐकायचं, काही पाठवायचं नाही) करा हो, कारण चुकीच्या स्पीडवर नॉर्मल मोडमध्ये जोडलेला अडॅप्टर स्वतःच एरर फ्रेम टाकून चालू बस बिघडवतो.

नव्या बऱ्याच गाड्यांत सॉकेटच्या मागे गेटवे बसवलेला असतो, तो विचारलेल्याचं उत्तर देतो पण आतला ट्रॅफिक बाहेर सोडत नाही, मग अडॅप्टर कितीही भारी घ्या, आतलं ऐकायचं तर गेटवेच्या पलीकडच्या वायरींनाच जोडावं लागतं.