व्यवसाय-कल्पनेवरील वाद (भागीदारी मोडल्यानंतरचे)

भागीदारी संस्था विसर्जित झाल्यावर, किंवा एखादा भागीदार तिच्यातून बाहेर पडल्यावर, एकत्र असताना सुचलेली वा उभी केलेली धंद्याची कल्पना पुढे कोणी वापरायची यावरून माजी भागीदारांत होणारा दिवाणी वाद. भारतात अशा वादांचा निवाडा मुख्यतः भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ आणि भारतीय करार अधिनियम, १८७२ यांच्या आधारे होतो. ‘कल्पना मूळची माझी’ हे म्हणणे या भांडणांत हमखास असते. एवढ्यावर दावा मात्र टिकत नाही.

नुसत्या कल्पनेवर प्रताधिकार नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स (१९७८) या निकालात स्पष्ट केले आहे. पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ३ प्रमाणे धंदा करण्याची निव्वळ पद्धत हा शोध ठरत नाही. गोपनीयतेचा मार्ग तेवढा काहीसा मोकळा आहे. झी टेलिफिल्म्स विरुद्ध संडायल कम्युनिकेशन्स (२००३) या प्रकरणातील पक्ष भागीदार नव्हते. तरीही पुरेशा तपशिलासह विकसित केलेली आणि विश्वासाने सांगितलेली संकल्पना संरक्षणास पात्र ठरू शकते, ही मुंबई उच्च न्यायालयाची त्यातील भूमिका माजी भागीदारांनाही उपयोगी पडते.

भागीदारी कायदा कल्पनेपेक्षा तिच्याभोवती जमलेल्या मालमत्तेचा विचार करतो. कलम १४ प्रमाणे धंद्याचा नावलौकिकही संस्थेच्या मालमत्तेत मोडतो. कलम ३६ नुसार बाहेर पडलेल्या भागीदाराला तोच धंदा नव्याने काढण्याची आणि त्याची जाहिरात करण्याची मुभा आहे. मात्र वेगळा करार नसेल, तर त्याला संस्थेचे नाव वापरता येत नाही, आपण संस्थेचाच धंदा चालवतो असे भासवता येत नाही आणि संस्थेची जुनी गिऱ्हाइके आपल्याकडे वळवण्यासाठी त्यांच्याकडे जाता येत नाही. स्पर्धा न करण्याचा करार एरवी करार अधिनियमाच्या कलम २७ खाली शून्य ठरतो. पण ठरावीक मुदतीपुरता किंवा ठरावीक हद्दीपुरता घातलेला वाजवी निर्बंध भागीदारांच्या बाबतीत वैध मानला जातो. बहुतेक प्रकरणे या ‘वाजवी’ शब्दावर येऊन अडतात, कारण भागीदारीनाम्यात नफ्याचे प्रमाण काटेकोर लिहिणारेही पुढे वेगळे व्हावे लागले तर काय, याबद्दल क्वचितच काही लिहून ठेवतात.

लिहून ठेवले तरी वाद टळतोच असे नाही. हल्दीराम भुजियावाला विरुद्ध आनंद कुमार दीपक कुमार (२०००) या प्रकरणाच्या मुळाशी १९७४ मधील विसर्जनाचा लेख होता. वादींच्या म्हणण्यानुसार त्या लेखाने नावाचे हक्क भूगोलाप्रमाणे वाटले गेले होते: पश्चिम बंगाल एका शाखेकडे, उर्वरित भारत दुसरीकडे. पुढे दिल्लीत त्याच नावाच्या वापरावरून दावा दाखल झाला, तेव्हा वादी संस्था नोंदणीकृत नसल्याने भागीदारी अधिनियमाच्या कलम ६९(२) खाली दावा चालू शकत नाही, असा आक्षेप प्रतिवादींनी घेतला. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. व्यापारचिन्हाचा हक्क आणि आपला माल दुसऱ्याचा म्हणून भासवण्याविरुद्धचा हक्क हे करारातून नव्हे, तर कायद्यातून व सामान्य विधितत्त्वांतून येतात. विसर्जनाच्या लेखाचा उल्लेख केवळ पूर्वेतिहास म्हणून येतो, असे न्यायालयाने म्हटले. नोंदणीकडे दुर्लक्ष करण्याची सवलत म्हणून मात्र हा निकाल वाचता येत नाही, कारण भागीदारीनाम्यातील हक्क बजावण्यासाठी आणलेल्या दाव्याला कलम ६९ ची आडकाठी कायम आहे. विसर्जनासाठी आणि विसर्जित संस्थेच्या हिशेबासाठी होणारे दावे तिला अपवाद आहेत.

अंतिम हिशेब न करता उरलेल्या भागीदारांनी संस्थेच्या मालमत्तेवर धंदा चालू ठेवला, तर बाहेर पडलेल्याला कलम ३७ प्रमाणे त्याच्या हिश्श्याच्या वापरातून झालेला नफा किंवा हिश्श्याच्या रकमेवर दरसाल ६ टक्के व्याज यांपैकी एकाची निवड करता येते. विसर्जित संस्थेचा हिशेब आणि नफ्यातील वाटा मागण्याची मुदत, मुदत अधिनियम, १९६३ नुसार, विसर्जनाच्या तारखेपासून ३ वर्षे आहे.