सेबू सिटी की माक्तान? ‘सेबूतल्या हॉटेला’चा खरा पत्ता

हॉटेल बुकिंगच्या साइटवर ‘सेबू’ टाकले की एकाच यादीत दोन वेगळ्या गावांची हॉटेले येतात. त्यातले एक सेबू सिटी, म्हणजे मोठ्या बेटावरचे बंदराचे गजबजलेले शहर. दुसरे माक्तान. हे त्याच्यासमोरचे छोटे सपाट बेट. विमानतळ त्यावर आहे आणि समुद्रकाठची बहुतेक रिसॉर्टही त्यावरच आहेत. मधे अरुंद खाडी आहे. फिलिपाइन्समध्ये सेबू हे प्रांताचे, बेटाचे आणि शहराचेही नाव, शिवाय विमानतळाचे नाव ‘माक्तान-सेबू’. त्यामुळे घोळ होणारच. समुद्राचा फोटो पाहून खोली घ्यायची आणि फिरायची सगळी ठिकाणे खाडीपलीकडे निघायची, असे फार जणांचे होते. उलटही होते. ‘सेबूचा समुद्र’ डोक्यात ठेवून शहरात उतरायचे आणि खिडकीतून दिसतो तो बंदरातला कंटेनरचा ढीग.

घोळ सोडवायची सोपी खूण म्हणजे पत्त्यातला पोस्टाचा क्रमांक. सेबू सिटी ६०००, मांदावे ६०१४, लापू-लापू ६०१५, कॉर्दोवा ६०१७. माक्तान बेटाचा बहुतेक भाग लापू-लापू शहरात मोडतो आणि दक्षिणेचा तुकडा कॉर्दोवा गावात. मांदावे हे सेबू सिटीला लागून असलेले वेगळे शहर. ते खाडीच्या सेबूकडच्या काठावर आहे. हॉटेलच्या नावात ‘सेबू’ असो वा ‘माक्तान’, विश्वास ठेवायचा तो या चार आकड्यांवर.

पण ६०१५ दिसले म्हणजे समुद्र मिळाला, असेही नाही. लापू-लापूतले पुसोक, पाहो, बासाक हे भाग पुलांच्या आणि विमानतळाच्या आसपासचे, वस्तीचे आणि रहदारीचे. तिथली हॉटेले स्वतःला बिनधास्त ‘माक्तान’ म्हणवतात, आणि त्यात खोटेही काही नाही. रात्री उतरून पहाटे पुढचे विमान धरायचे असेल तर ती उत्तमच. समुद्रकाठ हवा असेल तर पत्त्यात पुंता एंगान्यो, मारिबागो किंवा मारिगोंदोन ही नावे शोधा. बेटाचा पूर्वेकडचा किनारा तो हाच. त्यातही ‘समुद्राजवळ’ आणि ‘समुद्रावर’ यांत फरक असतो. रस्त्याच्या आतल्या बाजूच्या हॉटेलला स्वतःचा किनारा नसतो, आणि शेजारच्या रिसॉर्टचा किनारा पैसे भरल्याशिवाय वापरता येत नाही.

आता मुद्द्याचे. हे ठरवताना तारे, पोहण्याचा तलाव, नाश्ता मागाहून पाहा. आधी कागदावर मोजा की मुक्कामात खाडी किती वेळा ओलांडावी लागेल. विमानतळ माक्तानवर, म्हणजे शहरात राहिलात तर येताना एक आणि जाताना एक अशा दोन खेपा ठरलेल्याच. माक्तानवर राहिलात तर या दोन वाचतात, पण शहरात घालवायच्या प्रत्येक दिवसाला दोन वाढतात. तीन दिवस शहर पाहायचे आणि मुक्काम माक्तानला, तर सहा खेपा झाल्या. हा हिशेब न केल्यामुळे आरामासाठी घेतलेले रिसॉर्ट गाडीत बसून संपते.

खेप इतकी जड का, याला कारण आहे. खाडीवरचे दोन जुने पूल, १९७० च्या दशकातला दोन पदरी आणि १९९९ मधला चार पदरी मार्सेलो फेर्नान, दोन्ही मांदावेत उतरतात. म्हणजे सेबू सिटीत शिरण्याआधी मांदावेचे चौक पार करावे लागतात. त्यात विमानतळाला लागूनच निर्यातीच्या कारखान्यांची मोठी वसाहत आहे. सकाळी आणि संध्याकाळी तिथल्या कामगारांच्या पाळ्या बदलतात तेव्हा जीपनी (तिथल्या वाटून घ्यायच्या प्रवासी गाड्या), दुचाक्या आणि कंपन्यांच्या बस त्याच रस्त्यावर येतात. जे अंतर रात्री अर्ध्या-पाऊण तासात कापले जाते, त्याला संध्याकाळी पाच ते आठ या वेळात दीड तास सहज लागतो. पाऊस आला की त्याहून जास्त.

तिसरा पूल वेगळा आहे. सेबू-कॉर्दोवा लिंक एक्सप्रेसवे, ज्याला तिथे सगळे ‘सीसीलेक्स’ म्हणतात, एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाला. साधारण नऊ किलोमीटरचा हा टोलरस्ता माक्तानच्या दक्षिणेकडून, कॉर्दोवातून निघतो आणि मांदावेला वळसा घालून थेट सेबू सिटीच्या दक्षिण टोकाला, भराव घालून केलेल्या साउथ रोड प्रॉपर्टीज भागात उतरतो. मारिगोंदोनसारख्या दक्षिणेकडच्या रिसॉर्टमधून जुन्या शहरात किंवा सेबू बेटाच्या दक्षिणेला जायचे असेल तर हाच रस्ता. पुंता एंगान्योहून किंवा शहराच्या उत्तर भागात, म्हणजे आयटी पार्क, लाहुग, माबोलोकडे जायचे असेल तर मात्र त्याचा फारसा फायदा नाही. उलटा वळसा पडतो. टॅक्सीत बसल्यावर ‘सीसीलेक्सने घ्या’ असे आधीच सांगावे लागते, कारण टोल प्रवाशाने द्यायचा असतो आणि न विचारता चालक तो रस्ता धरत नाही.

कोणाला कुठे राहणे सोयीचे, ते कामावर ठरते.

शेजारच्या बोहोल बेटावर बोटीने जायचे असेल तर शहर. तिथल्या तागबिलारान बंदराच्या जलद बोटी पिअर १ वरून सुटतात आणि साधारण दोन तास घेतात. हा धक्का फोर्ट सान पेद्रोला लागूनच आहे. सकाळी सहाची बोट असेल तर शहरातल्या हॉटेलातून पाचच्या आत निघून चालते. माक्तानवरून चार-सव्वाचारला निघावे लागते, आणि त्या वेळी नाश्त्याची बांधून दिलेली पिशवी रात्रीच सांगून ठेवलेली असावी. मॅगेलनचा क्रूस, सांतो निन्योची बासिलिका, कोलोन रस्ता ही सगळी जुनी ठिकाणे या धक्क्यापासून पायी जाण्याच्या अंतरात आहेत. सेबू बेटाच्या दक्षिणेतल्या मोआलबोआल आणि ओस्लोब या गावांच्या बसही शहरातल्या दक्षिण बस स्थानकावरून सुटतात.

ओस्लोबबद्दल थोडे थांबून. देवमाशाएवढा मोठा व्हेल शार्क मासा पाहण्यासाठी लोक शहरातून किंवा माक्तानवरून रात्री दोन-तीन वाजता गाडीत बसतात, कारण ते दाखवणे पहाटे सुरू होते आणि दुपारपर्यंत आटोपते. एकेरी प्रवास तीन-चार तासांचा आहे. म्हणजे आरामाच्या हॉटेलचे एका रात्रीचे पैसे भरायचे आणि ती रात्र गाडीत काढायची. ज्यांना जायचेच आहे त्यांनी आदली रात्र दक्षिणेतच, मोआलबोआल किंवा ओस्लोबला काढावी. मात्र तिथे माशांना रोज खाऊ घालून किनाऱ्याशी अडकवून ठेवतात, आणि त्यामुळे त्यांचे नैसर्गिक फिरणे बिघडते, हा आक्षेप खरा आहे. मोआलबोआलला काठापासून काही हातांवर सार्डिन माशांचे प्रचंड थवे असतात. त्यांना कोणी खाऊ घालत नाही, आणि ते दृश्य काही कमी नाही.

माक्तानचा किनारा कसा आहे हे आधी समजून घेतले तर निराशा होत नाही. हे बेट प्रवाळाच्या चुनखडकाचे आहे. कोकणासारखी लांबच लांब पुळण इथे नाही. बऱ्याच रिसॉर्टांनी खडकावर बाहेरून आणलेली पांढरी वाळू पसरली आहे आणि पुढे भिंत घालून लहानसे तळे केल्यासारखा किनारा बनवला आहे. ओहोटीला पाणी बरेच मागे जाते आणि खडक, समुद्री गवत, काटेरी समुद्री साळ्या उघड्या पडतात. पायात पाण्यातले बूट हवेतच. म्हणून बुकिंग करण्याआधी त्या तारखांचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहा. भरती दुपारी असेल तर सकाळ शहरासाठी मोकळी ठेवता येते. पोहणे मुख्य असेल तर तलावाचा आकार आणि खोली किनाऱ्याइतकीच महत्त्वाची धरा.

खरा समुद्र पाहायचा तो बेटाबाहेर. हिलुतुंगान, नालुसुआन, कावोहागान या बेटांवर नेणाऱ्या बांका, म्हणजे दोन्ही बाजूंना बांबूचे आधार लावलेल्या नावा, माक्तानच्या पूर्व किनाऱ्यावरून सकाळी आठ-नऊला निघतात. दर विचारताना तीन गोष्टी वेगळ्या विचारा: नावेचे भाडे, बेटांवरचे प्रवेशशुल्क, आणि जेवण. सांगितलेल्या दरात बहुधा पहिलीच असते. नोव्हेंबर ते मार्च ईशान्येचा वारा, ज्याला तिथे आमिहान म्हणतात, नेमका या पूर्व किनाऱ्यावर येतो. लाटा वाढल्या की तटरक्षक दल छोट्या नावा सोडू देत नाही. म्हणून नावेचा दिवस मुक्कामाच्या शेवटी ठेवू नका. पहिल्या दिवशी ठरवा, म्हणजे रद्द झाला तरी पुढचा दिवस हाताशी असतो.

पाण्याची दुसरी बाजू नळातली. माक्तानवर नदी नाही आणि जमिनीखालचे पाणी समुद्राच्या शेजारामुळे खारट. लहान हॉटेलांत अंघोळीचे पाणी मचूळ लागते, साबणाला फेस येत नाही. मोठी रिसॉर्ट पाणी गोडे करून घेतात किंवा बाहेरून आणतात. नळाचे पाणी दोन्हीकडे पिऊ नका. डिसेंबर २०२१ मध्ये ओडेट चक्रीवादळाने सेबूला झोडपले तेव्हा वीज आणि पाणी कित्येक आठवडे नव्हते. म्हणून जनरेटर खोलीतल्या एसीलाही पुरतो की फक्त दिवे आणि लिफ्टला, हा प्रश्न हॉटेलला बुकिंगआधी लेखी विचारण्यात काहीच गैर नाही.

दराचे गणित शहरात आणि माक्तानवर सारखेच फसवते. दरापुढे ++ अशी खूण असेल तर १२ टक्के व्हॅट आणि बहुधा १० टक्के सेवाशुल्क वेगळे. ६,००० पेसोंच्या खोलीवर ६०० आणि ७२० मिळवले की ७,३२० होतात, वर थोडा स्थानिक कर. २०१९ च्या कायद्यानुसार हे सेवाशुल्क पूर्णपणे कर्मचाऱ्यांना वाटावे लागते, त्यामुळे ते भरले असेल तर टिपची सक्ती वाटून घेऊ नका. खोलीची किल्ली देताना अनामत घेतात. कार्डावर अडकवलेली रक्कम परत यायला दिवस लागतात, म्हणून छोटी अनामत रोखीने दिलेली बरी.

माक्तानवर एक खर्च जास्त असतो, तो जेवणाचा. बरीच रिसॉर्ट मुख्य रस्त्यापासून आत आहेत, रात्री चालत जाऊन जेवावे असे जवळ फार काही नसते, आणि मग दोन्ही वेळचे जेवण रिसॉर्टच्या दराने. शाकाहारी माणसाला हे जास्त जाणवते. सेबू सिटीत भारतीय उपाहारगृहे आहेत. वैद्यकीय शिक्षणासाठी आलेले भारतीय विद्यार्थी शहरात बरेच असल्याने त्यांचा धंदाही चालतो. फिलिपिनो जेवणात ‘भाजी’ म्हणून आलेल्या पदार्थात कोळंबीची खारवलेली चटणी, डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा ऑयस्टर सॉस असणे नेहमीचे. मुगाची आमटी, मोंगो, पाहून हायसे वाटते, पण तीत सुकी मासळी निघू शकते. सेबूत तागालोग नाही, सेबुआनो बोलतात. ‘वालाय कार्ने, वालाय इस्दा, वालाय गिनामोस’ म्हणजे मांस नको, मासे नकोत, खारवलेली चटणी नको. हे तीन शब्दगट कागदावर लिहून दाखवले तरी काम होते. लसूण घालून परतलेला भात आणि अंडे मात्र कुठेही मिळते.

आयटी पार्कजवळ आणि लापू-लापूत दोन्हीकडे उंच इमारतींतले भाड्याचे फ्लॅट स्वस्त दिसतात. घ्यायचे तर मालकाकडून पाहुण्यांचा फॉर्म आणि पासपोर्टची प्रत इमारतीच्या कार्यालयात आदल्या दिवशी पोचल्याची खात्री करा. नाहीतर पहारेकरी सामानासकट खाली थांबवतो. शहराच्या वरच्या अंगाला बुसायच्या डोंगरावरही हॉटेले आहेत, हवा थंड, खाली दिव्यांचे शहर. रस्ता चढाचा आणि वळणांचा. वर जायला ग्रॅबची (ॲपवरून बोलवायची) गाडी मिळते, रात्री खाली यायला मिळेलच असे नाही.

सिनुलोग या शहरातल्या मोठ्या उत्सवाच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी आणि त्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत, नियम उलटा होतो. मिरवणुकीचे रस्ते बंद असतात. पाहायचे असेल तर मिरवणुकीपासून चालत पोचता येईल असे शहरातले हॉटेल काही महिने आधी घ्या. पाहायचे नसेल तर ते दिवस माक्तान सोडू नका.

८ जून २०२५ पासून भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येते, पण परतीचे तिकीट आणि मुक्कामाचे बुकिंग दाखवावे लागू शकते. उतरण्याआधीच्या ७२ तासांत भरायच्या ई-ट्रॅव्हल फॉर्ममध्येही मुक्कामाचा पत्ता मागतात. तिथे हॉटेलचे शहर ‘लापू-लापू’ असेल तर तेच निवडा, सवयीने सेबू सिटी नको. वीज २२० व्होल्टची असल्याने आपले चार्जर चालतात, पण भिंतीतली भोके दोन सपाट पात्यांची असतात. आपली गोल पिन बसत नाही, अडॅप्टर घरूनच न्या.

पाच-सहा रात्री असतील तर मुक्काम विभागणे सर्वांत सुखाचे: आधी शहर, मग माक्तान. मुक्काम हलवताना सकाळी दहा-अकराला निघा. खाडी त्या वेळी मोकळी असते. रिसॉर्टची खोली दोन-तीन वाजता मिळते, पण सामान ठेवून घेतात आणि बहुतेक ठिकाणी तलावही वापरू देतात. शेवटची रात्र विमानतळाच्या बाजूलाच असल्याने, आंतरराष्ट्रीय उड्डाण असेल तर टर्मिनल २ ला तीन तास आधी पोचायला मारिबागोहून उड्डाणाच्या पावणेचार तास आधी गाडी सांगावी. देशांतर्गत विमाने टर्मिनल १ वरून सुटतात. चालकाला टर्मिनलचा आकडा गाडीत बसतानाच सांगा.