चिनी भाषा इंग्रजीची जागा घेईल का? डोकी मोजून उत्तर मिळत नाही

चीन एवढा पुढे चाललाय तर आता इंग्रजी सोडून चिनी शिकायची का, हा प्रश्न अधूनमधून निघतोच. आणि मग कोणीतरी आकडा टाकतं, की मँडरिन (म्हणजे प्रमाण मानली जाणारी मुख्य चिनी) ही जगातली सगळ्यात जास्त लोकांची मातृभाषा आहे, ९० कोटींच्या वर, आणि इंग्रजी मातृभाषा असलेले लोक ४० कोटीसुद्धा नाहीत. आकडे खरे आहेत. पण त्यावरून जो निष्कर्ष काढतात तो मात्र गंडलेला असतो.

कारण दुसरा आकडा बघा. इंग्रजी येणारे एकूण लोक धरले तर ते साधारण १५० कोटी भरतात, म्हणजे चारातल्या तिघांची ती मातृभाषा नाहीच. मँडरिनचं उलट आहे, एकूण ११० कोटींच्या आसपास, आणि ज्या वीसेक कोटींनी ती दुसरी भाषा म्हणून घेतलीय तेही बहुतेक चीनमधलेच, घरी कँटोनीज, उइघुर किंवा तिबेटी बोलणारे. चीनमध्येसुद्धा ही प्रमाण चिनी येणारे लोक २०२० मध्ये ८० टक्क्यांच्या थोडेच वर होते, म्हणजे घरातलंच काम अजून पुरतं झालेलं नाहीये.

आब्राम द स्वान नावाच्या डच समाजशास्त्रज्ञाने यावर एक छान गणित मांडलंय. एखादी भाषा शिकून किती लोकांशी संपर्क साधता येईल हे मोजायला त्याने दोन अपूर्णांक घेतले. पहिला, एकूण लोकांपैकी किती जणांना ती भाषा येते. दुसरा, ज्यांना एकापेक्षा जास्त भाषा येतात अशांपैकी किती जणांना ती येते. दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या भाषेची क्यू व्हॅल्यू. पहिल्या अपूर्णांकात चिनी मस्त मार्क मिळवते, दुसऱ्यात आपटते, कारण दुभाषी माणूस म्हणजे दोन गटांमधला पूल आणि जगातले बहुतेक पूल इंग्रजीतून जातात. शिवाय इंग्रजी शिकणारा प्रत्येक नवा माणूस बाकीच्या सगळ्यांसाठी ती थोडी जास्त उपयोगाची करून ठेवतो, जसं सगळे ज्या मेसेजिंग ॲपवर आहेत तिथेच नवीन माणूस जातो, दुसरं ॲप कितीही भारी असलं तरी.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २०१४ मध्ये शाहार रोनेन आणि सेझार हिदाल्गो वगैरे संशोधकांनी प्रत्यक्ष जाळं काढून बघितलं. २० लाखांहून जास्त पुस्तकांची भाषांतरं, विकिपीडियावर एकाहून जास्त भाषांत संपादन करणारे लोक, आणि दोन-तीन भाषांत ट्विट करणारे लोक, असे तीन वेगवेगळे डेटा घेऊन कुठली भाषा कुठल्या भाषेशी किती जोडलीय ते मांडलं. मध्यभागी इंग्रजी आली (यात कोणाला धक्का बसायचं कारण नाही), तिच्याभोवती फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, रशियन अशा मधल्या केंद्रांचं कडं, आणि चिनी, हिंदी, अरबी या बोलणाऱ्यांच्या हिशोबाने अवाढव्य भाषा मात्र बऱ्यापैकी कडेला. ट्विटर चीनमध्ये बंद आहे म्हणून तो डेटा चिनीवर थोडा अन्याय करतो हे मान्य, पण पुस्तकांच्या भाषांतरांतही चिनी काही केंद्रात दिसत नाही.

आता अवघडपणाचा मुद्दा. अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा अंदाज आहे की इंग्रजी बोलणाऱ्याला स्पॅनिश कामापुरती यायला ६०० ते ७५० तास लागतात आणि चिनीला साधारण २,२००. चिनीत चार सूर आहेत (सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो), चीन सरकारच्या २०१३ च्या प्रमाण यादीत ८,१०५ चिन्हं आहेत, त्यातली पहिली ३,५०० तरी यायलाच हवीत. पण अवघड म्हणून चिनी पसरत नाही हे मला पटत नाही. जुनी लिखित चिनी कोरिया, जपान आणि व्हिएतनाममधल्या शिकलेल्या लोकांनी शेकडो वर्षं वापरली, एकमेकांचं बोलणं अजिबात कळत नसताना समोरासमोर बसून कुंचल्याने लिहून गप्पा मारल्यात त्यांनी. गरज असली की लोक शिकतात. आणि इंग्रजीचं स्पेलिंग तरी कुठे शहाण्यासारखं आहे?

भाषा वर कशा येतात आणि खाली कशा जातात यासाठी जर्मनचा किस्सा बघण्यासारखा आहे. १९०० च्या सुमारास केमिस्ट्री करायची तर जर्मन यायलाच हवी अशी परिस्थिती होती, आइन्स्टाइनचे १९०५ चे गाजलेले पेपरही (म्हणजे शोधनिबंध) जर्मनमध्येच आहेत. मग पहिलं महायुद्ध झालं. १९१९ मध्ये जिंकलेल्या देशांनी काढलेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन परिषदेने जर्मन शास्त्रज्ञांना दार बंद केलं. त्याच वर्षी अमेरिकेत नेब्रास्का राज्याने कायदाच केला की आठवी पूर्ण होईपर्यंत मुलांना इंग्रजीशिवाय दुसरी आधुनिक भाषा शिकवायची नाही, सुप्रीम कोर्टाने तो १९२३ मध्ये रद्द केला पण तोवर व्हायचं ते झालं होतं, अमेरिकन शास्त्रज्ञांची पुढची पिढी जर्मन न वाचताच मोठी झाली. १९३३ नंतर नाझींनी आपल्याच विद्यापीठांतून ज्यू प्राध्यापक हाकलले, त्यातले कितीतरी इंग्लंड-अमेरिकेत गेले आणि इंग्रजीत लिहायला लागले. १९६२ पासून आंगेवांडं केमी या केमिस्ट्रीच्या जर्मन जर्नलचीच इंग्रजी आवृत्ती निघायला लागली. म्हणजे साठेक वर्षांत खेळ संपला, आणि त्यात जर्मन व्याकरणाचा काडीचाही दोष नव्हता. तेव्हा इंग्रजी कायमची राहील असंही छातीठोकपणे सांगता येत नाही.

पण जर्मन पडली तेव्हा जागा घ्यायला इंग्रजी तयार होती. आज चीनची गंमत अशी आहे की संशोधनात पुढे जाताना तो इंग्रजीलाच मजबूत करतोय. पेपरांच्या संख्येत चीनने अमेरिकेला २०१६ च्या सुमारास मागे टाकलं, पण जगासमोर जाणारे ते पेपर जवळजवळ सगळे इंग्रजीत. २०२० मध्ये चीन सरकारने सांगितलं की शास्त्रज्ञाचं काम तपासताना निवडक पेपरांपैकी किमान एक तृतीयांश देशातल्या जर्नल्समधले हवेत, पण देशातली नावाजलेली जर्नल्स, उदाहरणार्थ शांघायहून निघणारं सेल रिसर्च, इंग्रजीतच निघतात!

आणि जे चिनीत राहतं ते बाहेर कळत नाही. मलेरियावरच्या आर्टेमिसिनिन या औषधाची रचना १९७७ मध्ये चिनी जर्नलमध्ये छापली गेली, तीही व्यक्तींची नावं न घालता गटाच्या नावाने (लष्करी गुप्ततेचाही त्यात हात होता), आणि ते शोधणाऱ्या चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना नोबेल मिळालं २०१५ मध्ये. २००४ मध्ये बर्ड फ्लू पसरत असताना डुकरांमध्ये त्याचा एच५एन१ विषाणू सापडल्याचं चिनी संशोधकांनी चिनी जर्नल्समध्ये लिहिलं होतं, जागतिक आरोग्य संघटनेसकट बाहेरच्यांचं त्याकडे सुरुवातीला लक्षच गेलं नाही. चिनी शास्त्रज्ञ इंग्रजी वाचतात, बाकीचे चिनी वाचत नाहीत, असा हा एकतर्फी रस्ता आहे, आणि माझ्या मते यात जास्त नुकसान न वाचणाऱ्यांचंच आहे.

मशीन ट्रान्सलेशनमुळे हे बदलेल का? वाचण्यापुरतं बदलायला लागलंच आहे, चिनी पेपर पेस्ट केला की दोन सेकंदांत बरं भाषांतर मिळतं. तसं झालं तर द स्वानच्या गणितातली दुभाषी माणसाची किंमतच घसरेल आणि इंग्रजी हटवायला दुसरी भाषा लागणारही नाही. पण जिथे दोन सेकंदही थांबता येत नाही तिथे अजून माणसाचीच भाषा चालते. विमानांच्या रेडिओसाठी आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की जमिनीवरच्या स्टेशनची नेहमीची भाषा किंवा इंग्रजी वापरायची. चीनमधले देशांतर्गत पायलट कंट्रोलरशी चिनीत बोलतात, परदेशी विमान आलं की तोच कंट्रोलर त्याच फ्रिक्वेन्सीवर इंग्रजीत बोलतो. पुढची बरीच वर्षं जगभर साधारण असंच चालेल असं मला वाटतं.