वल्हांडण, उषा आणि ईस्टरची पौर्णिमा

ज्यू लोकांच्या ‘पेसाख’ सणाला मराठी बायबलमध्ये नेमका शब्द आहे: वल्हांडण. वल्हांडणे म्हणजे ओलांडणे. मिसर देशातल्या गुलामगिरीच्या शेवटच्या रात्री, चौकटीला कोकराचे रक्त लावलेली घरे मृत्यूने ओलांडली, अशी कथा आहे. येशूचा वध याच सणाच्या दिवसांत झाला आणि पुनरुत्थान त्यानंतरच्या रविवारी. म्हणून पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, बहुतेक ख्रिस्ती जगाने ज्यूंचेच नाव ठेवले. ‘पेसाख’चे ग्रीक-लॅटिनमध्ये ‘पास्खा’ झाले, त्यापासून फ्रेंच ‘पाक’ आणि पोर्तुगीज ‘पाश्कुआ’. गोव्यातले ‘पास्कांचें फेस्त’ त्याच कुळातले.

‘ईस्टर’ हा शब्द मात्र इंग्रजीचा आणि जर्मनीतल्या ‘ओस्टर्न’चा भाऊ. त्याचा सर्वांत जुना खुलासा बीड नावाच्या इंग्रज मठवासीने 725 साली लिहिलेल्या लॅटिन ग्रंथात आहे. पूर्वजांच्या एका महिन्याचे नाव एओस्ट्रे या देवीवरून पडले होते आणि तेच पुढे सणाला चिकटले, असे तो सांगतो. या देवीचे वर्णन दुसऱ्या कुठल्याही जुन्या ग्रंथात नाही, त्यामुळे ती खरोखर पुजली जात होती का, यावर वाद आहे. शब्दाच्या मुळाबद्दल शंका कमी आहे. पहाट आणि पूर्व दिशा सांगणारा हा धातू ग्रीक ‘एओस’मध्ये, लॅटिन ‘ऑरोरा’मध्ये आणि आपल्या ‘उषस्’मध्येही आहे. ईस्टर बॅबिलोनच्या इश्तार देवीवरून आला, हे समाजमाध्यमांवरचे विधान चुकीचे आहे. इश्तार सेमिटिक भाषांतली, आणि त्या भाषाकुळाचा या धातूशी संबंध नाही.

बीडचा तो ग्रंथ मुळात कालगणनेचा होता. कारण या सणाचा खरा पेच नावात नसून तारखेत होता. वल्हांडण चांद्र महिन्यावर चालतो, रविवार आठवड्यावर आणि वसंत सूर्यावर. या तिघांना एकत्र बसवायचे, तर 19 वर्षांचे चक्र कामी येते. 19 सौरवर्षे आणि 235 चांद्रमास यांत जेमतेम दोन तासांचा फरक पडतो. 19 वर्षांचे 228 महिने आणि वर 7; आपल्या पंचांगातले अधिक महिनेही 19 वर्षांत साधारण सातच येतात, ते याच हिशेबामुळे.

नियम असा: 21 मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. 1900 ते 2099 या काळासाठी हे घरी काढता येते. वर्षाला 19 ने भागून बाकी घ्या. तिला 19 ने गुणून 24 मिळवा, आणि 30 ने भागून पुन्हा बाकी घ्या. ती 21 मार्चमध्ये मिळवली की पौर्णिमा. 2026 साठी पहिली बाकी 12. 228 अधिक 24 म्हणजे 252, दुसरी बाकी पुन्हा 12. पौर्णिमा 2 एप्रिल, ईस्टर 5 एप्रिल.

चूक दोन ठिकाणी होते. पौर्णिमा रविवारीच आली, तर तोच दिवस धरायचा नाही, पुढचा रविवार घ्यायचा. 2025 मध्ये कोष्टकाची, म्हणजे वरच्या हिशेबाने येणारी, पौर्णिमा 13 एप्रिलला रविवारी होती, म्हणून ईस्टर 20 एप्रिलला झाला. दुसरी चूक टोकाच्या बाकीत: दुसरी बाकी 29 आली तर 28 धरायची, आणि 28 आली असून पहिली बाकी 10 पेक्षा मोठी असेल तर 27. या दुरुस्त्या विसरल्या की काही वर्षी उत्तर आठवडाभर पुढे जाते.

जुन्या ज्युलियन वर्षाची लांबी 365.25 दिवस धरलेली, खऱ्या वर्षापेक्षा किंचित जास्त. त्यामुळे 128 वर्षांत एक दिवस सरकत सरकत 1582 पर्यंत, नियमाने 21 मार्चला धरलेला वसंतसंपात (दिवस-रात्र समान असण्याचा दिवस) 11 मार्चवर आला होता. पोप ग्रेगरी तेरावे यांनी 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर आणला आणि चांद्र कोष्टकेही सुधारली. अनेक ऑर्थोडॉक्स चर्च आजही जुनाच हिशेब धरतात, म्हणून त्यांचा सण बहुधा उशिरा येतो.

सुधारलेले कोष्टकही आकाशातला चंद्र पाहत नाही. 2019 मध्ये वसंतसंपात 20 मार्चला झाला आणि काही तासांतच, जागतिक प्रमाणवेळेनुसार 21 मार्चला, पौर्णिमा झाली. आकाश पाहून ठरवले असते, तर ईस्टर 24 मार्चला आला असता. कोष्टकाने ती पौर्णिमा 20 मार्चची, म्हणजे एक दिवस आधीची मानून सोडून दिली आणि पुढची, 18 एप्रिलची धरली. सण 21 एप्रिलला साजरा झाला.